ईदच्या सुट्टीत शहापूर-मुरबाड

माझी धाकटी लेक दोन वर्षं इटलीत, मिलान शहरात शिकत होती. 2025 च्या बकरी ईदला ती घरी आली, तेव्हा तिच्या फोनमध्ये इमारतींपेक्षा ताटांचेच फोटो जास्त. सुट्टी मिळाली की मैत्रिणींबरोबर रेल्वेने एखाद्या दुसऱ्या शहरात जायचं आणि पोहोचल्यावर आधी विचारायचं, इथली माणसं घरी काय खातात?

हलालचा प्रश्न होताच. मिलानचा केशर घातलेला भात प्रसिद्ध आहे, पण त्यात बऱ्याचदा वाइन पडते आणि हाडांचा रस पडतो. म्हणून तो तिने खोलीवर स्वतःच्या हाताने शिजवला. मासे, भाज्या, चणे यांची अडचण नव्हती. सिसिली बेटावरच्या पालेर्मो शहरात चण्याच्या पिठाच्या पातळ वड्या तळून पावात घालून देतात. "अम्मी, अगदी आपल्या पाटवड्या," ती म्हणाली. त्या बेटावर दोनेक शतकं अरबांचं राज्य होतं. त्यांच्याबरोबर तिथे ऊस आला, लिंबं-संत्री आली. हे सगळं ती भडाभडा सांगत होती आणि मध्येच थांबली.

"तिथल्या मुली आपापल्या आजोळचं सांगतात. मला विचारलं, तुझी नानी काय करते? मी म्हटलं, बिर्याणी. आणि मलाच कसंतरी झालं."

आम्ही कल्याणला राहतो. माझं माहेर शहापूर. लेक लहानपणी तिथे जायची, पण दुपारी जेवून संध्याकाळच्या गाडीने परत. मी म्हटलं, चल, या वेळी मुक्कामाने जाऊ. खरं सांगायचं तर माझ्या मनात आणखी एक गोष्ट होती. तिचं शिक्षण संपत आलं होतं आणि एक चांगलं स्थळ विचारणा करत होतं. हिला आपली माती, आपलं ताट नीट दाखवलं तर पाय आपोआप इकडे वळतील, असा माझा हिशेब. हे मी नवऱ्यालाही बोलले नव्हते.

ईद शनिवारी झाली. रविवारी सकाळी कुर्बानीच्या गोश्तचा डबा घेऊन आम्ही कसारा लोकल पकडली. आसनगाव जवळ आलं की खिडकीत माहुलीचे सुळके दिसू लागतात. ठाणे जिल्ह्यातला हा उंच किल्ला, 858 मीटर. 1636 साली शहाजीराजे निजामशाहीच्या लहानग्या वारसाला घेऊन याच किल्ल्यात शेवटपर्यंत लढले, जिजाबाई आणि बालशिवाजीही बरोबर होते असं सांगतात. मी ज्या शाळेत शिकले तिच्या खिडकीतून हा डोंगर दिसायचा, आणि मी आजवर तो चढलेले नाही. लेक म्हणाली, रोममध्ये राहणारेही असंच म्हणतात, कोलोसियम काय, कधीही बघू.

अम्मा ओट्यावर शेवळं निवडत बसली होती. ज्यांनी शेवळ पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: पहिल्या पावसाच्या आगेमागे रानात जमिनीतून एक जांभळट कोंब वर येतो, पानाबिनाशिवाय. ठाकूर-कातकरी बाया तो खुडून, जुड्या बांधून बाजारात आणतात. हा मौसम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला, त्यामुळे शेवळं संपत आली होती. अम्माने ओळखीच्या ठाकरीणीला सांगून शेवटच्या चार जुड्या राखून ठेवल्या होत्या.

शेवळ चुकीचं शिजवलं तर घसा असा खाजतो की माणूस रडतो. वरचं आवरण सोलायचं, आतल्या दांड्याचा पिवळा भाग न चुकता टाकून द्यायचा. उरलेलं बारीक चिरून तेलात चांगलं परतायचं. मग काकडाची फळं, आवळ्यासारखी हिरवी आणि आंबट, ठेचून उकळून त्यांचा रस पिळायचा, म्हणजे खाज मरते. बाजारात शेवळांच्या जुडीबरोबर काकडं देतातच. आमच्यात शेवळं गोश्तमध्ये घालतात. अम्माने कांदा, आलं-लसूण, हिरवी मिरची आणि थोडं नारळाचं दूध घातलं. लेकीने वही काढली. अम्माला प्रमाण विचारलं की ती हात दाखवायची: "एवढं." शेवटी लेकीने अम्माच्या मुठीचाच फोटो काढला.

तांदळाच्या भाकरीबरोबर आम्ही ते जेवलो. चव कशासारखी म्हणून विचाराल, तर मला सांगता येत नाही. लेक म्हणाली, कोवळ्या गोश्तमध्येच आणखी कोवळं गोश्त. जेवणानंतर सांदण आली, तांदूळ आणि नारळाची, वाफवलेली.

दुपारी भावाच्या जीपने तानसाकडे फेरी मारली. तानसाचं धरण 1892 चं. तेव्हापासून इथलं पाणी मुंबईला जातं. भातसाही याच तालुक्यातलं, आणि मुंबईच्या पाण्याचा जवळपास निम्मा वाटा त्याचा. रोममध्ये रस्त्यारस्त्यावर लोखंडी नळ आहेत, थंड पाणी अखंड वाहतं, कुणीही प्यावं, फुकट, असं लेक सांगत होती. भाऊ गाडी चालवत ऐकत होता. म्हणाला, "इथे पाइपलाइनच्या शेजारच्या पाड्यात एप्रिल-मेमध्ये टँकर येतो, तो तुझ्या मैत्रिणींना दाखव." लेक गप्प झाली. मलाही त्याचं काय उत्तर द्यावं ते सुचलं नाही. हे मी तीस वर्षं कल्याणच्या नळाखाली बादली लावून विसरले होते.

सोमवारी किन्हवली, सरळगाव करत मुरबाड तालुक्यात गेलो. मुरबाडला अजून रेल्वे नाही, त्यामुळे हा भाग शहापूरइतका माणसांनी भरलेला नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची रोपं वर येत होती. टोकावडे मागे टाकून वैशाखरेला पोहोचलो. इथून नाणेघाटाची चढण. वर सातवाहनांच्या काळातली गुहा आहे, त्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख, दोन हजार वर्षांपूर्वीचा. घाटमाथ्यावर मोठा दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात पडत असं म्हणतात. जुन्नर-पैठणचा माल या वाटेने कल्याण बंदरात उतरायचा आणि तिथून जहाजाने रोमच्या राज्याकडे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-पुस्तकात आमच्या कल्याणचं नाव आहे, हे मला लेकीने सांगितलं. मी तिथे आयुष्य काढलं, आणि मला माहीत नव्हतं.

लेक, तिचा मामेभाऊ आणि गावचा एक वाटाड्या वर गेले. माझे गुडघे आणि अम्माचं वय, आम्ही दोघी चहाच्या टपरीवर बसलो. पाऊस भुरभुरत होता. अम्मा सहज म्हणाली, "पोरीला तिकडं नोकरी लागली. तुला बोलायला घाबरते."

"कधीपासून?"

"रमजानपासून."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं, माझ्याशिवाय. मला आधी राग आला तो अम्माचाच. ती शांतपणे चहा बशीत ओतत होती. "तुला डी.एड.ला ठाण्याला पाठवलं," ती म्हणाली, "तेव्हा तुझे अब्बा दोन महिने माझ्याशी धड बोलले नाहीत. तू तरी कधी विचारलंस, अम्मा, तुझं काय झालं?"

नव्हतं विचारलं.

लेक चिंब भिजून उतरली. मी काही बोलले नाही. परत येताना एका कातकरी पोराकडून मुठे घेतले, शेतातले खेकडे, चिखलाने माखलेले. आम्ही कोकणी, शाफई, आमच्यात खेकडा चालतो. माझी सून हनफी घरची, तिच्या पुढ्यात हा विषय काढला की ती उठून दुसऱ्या खोलीत जाते. रात्री मुठ्यांचा रस्सा चोखता चोखता मीच म्हटलं, "नोकरी कुठल्या गावात?"

तिचा हात थांबला. "बोलोन्या."

"तिथे काय खातात?"

ती रडायला लागली आणि हसायलाही. मीही काही फार धीराची नाही. त्या स्थळाला नकार कळवायला मला आणखी पंधरा दिवस लागले, आणि ते दिवस घरात सुखाचे गेले नाहीत.

सप्टेंबरात ती गेली. पुढच्या ईदला येते म्हणाली, शेवळं खायला. अम्माने बोटांवर मोजलं. ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते, शेवळं सरकत नाहीत. 2026 ची ईद मेअखेरीस, त्यानंतरची मेच्या मध्यावर. ईद आणि शेवळं पुन्हा एका आठवड्यात यायला तीस-बत्तीस वर्षं लागतील.

"मग ईदला नको," अम्मा फोनवर म्हणाली, "पाऊस पडल्यावर ये. गोश्तचं काय, ते फ्रीजरमध्ये ठेवते."