वरची फळी

नातीच्या शाळेंत पहिलीचा वर्ग मांडण्यास मीं हातभार लावला. बाकें ओळींत लावलीं. रंगपेट्या नि खडू मात्र वरच्या फळीवर ठेवले. मुलें सांडलवंड करतील, ही धास्ती! नात म्हणाली, "आजोबा, मग दरवेळीं बाईंना मागायचं?"

मला एक हकीकत आठवली. रोममध्यें १९०७ सालीं मारिया माँटेसोरींनीं काढलेल्या बालगृहांत शिक्षिका एकदां कपाटाला कुलूप घालावयास विसरली. येऊन पाहते तों मुलें हवें तें साहित्य स्वतःच काढून घेत होतीं. तिला ती चोरी वाटली, माँटेसोरींना निवड. पुढें तेथें बुटकीं कपाटें आलीं.

मीं मुकाट्यानें सारें खालीं उतरविलें. पण तीस वर्षें महाविद्यालयांत माझ्या विद्यार्थ्यांसाठीं मीं ज्ञान कोणत्या फळीवर ठेवलें, हा प्रश्न घरीं येईपर्यंत छळीत होता.