पेनड्राइव्हवरून लातूरला

आमचे प्रोग्रामर बसतात नांदेडला आणि गिऱ्हाइकं बहुतेक लातूरची, आडते आणि डाळ मिलवाले. दोन्हीकडची मशीनं जुनी, असेंबल केलेली, ८ जीबी रॅमची. डेव्हलपमेंटसाठी काय वापरायचं, हे त्यामुळे आम्ही कमी अन् रॅम, नेट आणि लाइट यांनीच जास्त ठरवलं.

आधी सगळं व्हर्च्युअलबॉक्सवर होतं. फुकट, शिवाय नव्या पोराला माऊसनं दाखवता येतं. जुन्या मशीनवर मात्र यादीत ६४ बिटचा पर्यायच दिसायचा नाही. बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू केलं की यायचा. मग लातूरहून फोन: "सर, लई हळू चालायलंय, खाली कासव दिसायलंय." चेष्टा नव्हे, खिडकीच्या खालच्या पट्टीत खरोखरच कासव येतं. विंडोजचं हायपर-व्ही चालू असलं की व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसर थेट हाताळता येत नाही, त्याची ती खूण. ज्यानं कुणी ते चित्र निवडलं त्याला सलाम.

मग डॉकर. ते आलं २०१३ मध्ये, आमच्याकडे पोचलं बरंच उशिरा. कंटेनर हलका, कारण तो मशीनचंच कर्नल वापरतो, आत दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम उभी करत नाही. पण ते कर्नल लागतं लिनक्सचं. विंडोजवर डॉकर डेस्कटॉप टाकलं की आडून एक व्हर्च्युअल मशीन चालतंच, आणि टास्क मॅनेजरमध्ये निम्मी रॅम त्याच्या नावावर. मग कासवानं काय घोडं मारलं होतं? शेवटी नांदेडच्या मशीनवर सरळ उबुंटू टाकलं आणि नुसतं डॉकर इंजिन घेतलं. २०२१ मध्ये डॉकर डेस्कटॉप मोठ्या कंपन्यांना विकत झालं. २५० माणसं किंवा एक कोटी डॉलरची उलाढाल ही त्याची मर्यादा. आम्ही त्याच्या आसपासही नाही.

खरी पंचाईत नेटची. २०२० च्या नोव्हेंबरपासून डॉकर हबनं लॉगिन न करणाऱ्यांना सहा तासांत १०० इमेजची मर्यादा घातली, तीही आयपीवर, म्हणजे अख्ख्या ऑफिसची मिळून. लातूरचं नेट तर मोठी इमेज उतरवताना मध्येच मान टाकायचं. म्हणून इमेज नांदेडला एकदाच उतरवायची, 'डॉकर सेव्ह'नं फाइल करायची, दाबून लहान करायची आणि लोहा-अहमदपूरमार्गे एसटीनं जाणाऱ्याच्या खिशात पेनड्राइव्ह. तिकडे 'डॉकर लोड'. डेबियनऐवजी अल्पाइनची इमेज घेतली की फाइल आणखी आटोपशीर, पण अल्पाइनची सी लायब्ररी वेगळी, त्यामुळे पायथनची काही पॅकेजं रुसतात. तिथं मी जास्तीचे एमबी सोसतो.

लाइट जाऊन परत आली की कंटेनर आपोआप पुन्हा उठतो, फक्त त्याला आधी रिस्टार्ट पॉलिसी लावलेली हवी. डेटाबेसचा डेटा तेवढा व्हॉल्यूमवर हवा.

व्हर्च्युअलबॉक्स मात्र अजून काढलेलं नाही. एका आडतीवर शेतकऱ्याची पट्टी विंडोज ७ मधल्या जुन्या प्रोग्रामातून डॉट मॅट्रिक्सवर निघते. ते कंटेनरमध्ये बसणारं नाही. तिथं यूएसबी प्रिंटर आतल्या विंडोजला जोडून दिलाय, आणि तुरीचा हंगाम सुरू व्हायच्या आत एक स्नॅपशॉट घेऊन ठेवतो.