हाक आणि ओ

आमच्या आवारांत तीन घरें आहेत. मूळ घर जांभ्या दगडाचें, दीड हात रुंद भिंतींचें. त्यांत आम्ही राहतों. विहिरीपलीकडचें घर माझ्या थोरल्या चुलतभावाचें, आणि आगराच्या टोकाशीं आहे तें धाकट्याचें. चुली तीन झाल्याला पुष्कळ वर्षें लोटलीं. शेतें वांटलीं, माड वांटले, तांब्यापितळेचीं भांडींसुद्धां वांटून झालीं. तिन्ही घरांचें सामाईक म्हणून जें राहिलें आहे तें दोनच: एक विहीर आणि दुसरें इंटरनेट.

इंटरनेट सामाईक राहिलें तें प्रेमामुळें नव्हे, सोयीमुळें. रस्त्यावरून येणारी कांचतंतूची तार आमच्याच घरापर्यंत पोंचते. माजघरांत एका पेटीवर सर्व वायरींचा चौक आहे. तेथून एक वायर आमच्या माडीवर जाते आणि दोन माडांच्या कडेनें त्या दोन घरांकडे जातात. महिन्याच्या बिलाचे तीन वांटे होतात. कुरकूर होते, पण वांटे येतात.

२०२४ च्या श्रावणांत या व्यवस्थेला कीड लागली. विहिरीपलीकडच्या घरांतला माझा पुतण्या पुण्याच्या एका कंपनीचें काम घरीं बसून करतो. बैठक ऐन रंगांत आली कीं त्याचें इंटरनेट जाई. कधीं दहा मिनिटांनीं परत येई, कधीं चार तासांनीं. आगरांतल्या घरची मुलगी शिकवणीला बसली कीं तिचा फोन मुका होई, आणि त्याच वेळीं शेजारीं बसलेल्या तिच्या आईचा मात्र खुशाल चाले. पुतण्याला वरिष्ठांकडून दोनदां समज मिळाली. माझ्या माडीवरचा संगणक तेवढा अखंड चालू होता. "भावजींचें बरें चालतें!" एवढेंच थोरल्या वहिनी एकदां विहिरीवर म्हणाल्या. पण विहिरीवर म्हणाल्या, याला अर्थ होता. २०१९ च्या उन्हाळ्यांत पाणी खालीं गेलें असतां, त्यांची पाळी संपण्याआधींच मीं पंपाचें बटण बंद केलें होतें. पंप तापला म्हणून केलें, असें मीं तेव्हां सांगितलें होतें. आतां त्यांनीं वेगळ्या जोडणीची चौकशीही सुरू केली आहे, ही बातमी गड्याकडून माझ्या कानीं आली.

माझें निदान तयार होतें. जूनमध्यें वीज कडाडली तेव्हां उघड्यावरच्या तांब्याच्या वायरींतून झटका येऊन पेटीचें एक तोंड जळलें होतें. घराघरांमध्यें कांचतंतू टाकूं, त्यांतून वीज नव्हे, प्रकाश जातो, असें पुतण्यानें तेव्हांच सुचविलें होतें. त्याला मीं उधळपट्टी म्हटलें होतें. तरीही दोष त्या जुन्या झटक्याचा, नाहीं तर त्यांच्याच यंत्रांचा, असें मी छातीठोकपणें सांगत होतों. ज्याचें चालतें त्याला दुसऱ्याचें बंद पडण्याचें कारण फार लवकर सांपडतें.

एका रविवारीं पुतण्या वायरींच्या मागें लागला. प्रथम त्यानें अंतर मोजलें. असल्या तांब्याच्या वायरीला शंभर मीटरची मर्यादा असते. आमची साठाच्या आंत भरली. टोंकें बदललीं, पेटी बदलून पाहिली. मग खळ्यांत बसून तो संगणकावरून 'पिंग' करूं लागला. हा इवलासा प्रोग्राम माइक मूस नांवाच्या अमेरिकन माणसानें १९८३ च्या डिसेंबरांत लिहिला. पाणबुडी हुडकणारें यंत्र जो ध्वनी पाण्यांत सोडतें त्यावरून त्यानें हें नांव ठेवलें. आपण मात्र याला हाक म्हणावें. एक यंत्र दुसऱ्याला त्याच्या पत्त्यावर हाक मारतें, दुसरें ओ देतें, आणि मध्यें किती वेळ गेला तें पहिलें मोजतें.

पुतण्यानें माजघरांतल्या पेटीला हाक मारली. ओ नाहीं. मग त्यानें स्वतःच्या यंत्राचा पत्ता पाहिला. आमच्या आवारांतले सारे पत्ते १९२.१६८.१ या आंकड्यांनीं सुरू होतात, त्याचा १९२.१६८.० नें सुरू होत होता. पत्ता देणाऱ्याच्या नांवानें त्यानें पुन्हां हाक मारली, तों लगेच ओ आली. "काका," तो म्हणाला, "आपल्या आवारांत कोणीतरी ओ देतो आहे, आणि तो कोण हें मला ठाऊक नाहीं."

गोष्ट अशी कीं, प्रत्येक यंत्र जोडलें जातांच सर्वांना उद्देशून विचारतें, 'मला पत्ता कोण देतो?' आणि ज्याचें उत्तर आधीं येईल त्याचा पत्ता बहुधा तें पत्करतें. पत्ता मुदतीचा असतो. देणारे दोन झाले, तर कोणाला कोणाचा मिळेल याचा नेम नाहीं. आणि दुसऱ्या कारभाऱ्याकडे बाहेर जाण्याची वाटच नसेल, तर त्याच्या पदरीं पडलेलीं यंत्रें जागच्या जागीं अडकून पडतात.

हाका चालू ठेवून तो चौकांतल्या वायरी एकेक काढूं लागला. पहिली काढली, ओ येतच होती. दुसरी काढली, तरीही येत होती. तिसरी काढतांच थांबली.

ती माडीवरची होती. आषाढांत मला एका वायरीला दोन तोंडें हवीं होतीं, एक संगणकासाठीं आणि एक छपाईयंत्रासाठीं. म्हणून मागच्या जोडणीचा जुना राउटर मीं कपाटांतून काढून मध्यें बसविला होता. त्या दोन्ही यंत्रांचे पत्ते पूर्वींच एका कारागिरानें हातानें घालून दिलेले. त्यांना कोणाला विचारावें लागत नव्हतें, म्हणून माझें कांहीं अडलें नाहीं. पत्ते वांटायला बसला होता तो माझाच राउटर.

पुतण्यानें वर येऊन त्या पेटीवरचीं वर्तमानपत्रें बाजूला केलीं. तो रागावला असता तर मला बरें वाटलें असतें. "मी हें बंद करतों, काका," तो म्हणाला. "आईला कांहीं सांगत नाहीं."

तिन्हीसांजेला मी विहिरीपलीकडे गेलों. वहिनी पडवींत आठळ्या सोलीत बसल्या होत्या.

"वहिनी, तें बंद पडत होतें तें माझ्यामुळें," मी म्हणालों.

"पंपासारखें?"

"छे, हें चुकून झालें."

शब्द तोंडांतून गेला, आणि मग मला कळलें कीं मीं काय कबूल केलें. वहिनींचा हात थांबला. त्यांनीं माझ्याकडे पाहिलें आणि पुन्हां आठळी उचलली.

"पांच वर्षें लागलीं, भावजी," त्या म्हणाल्या.

बिलाचे वांटे पूर्ववत् तीनच आहेत. घराघरांमधल्या वायरी आतां कांचतंतूच्या झाल्या. त्या खर्चाचे मात्र वांटे केले नाहींत, तो मींच दिला.