उसाच्या बेटावर सहा दिवस : समुद्र सोडून बघायचं काय?



आज फडातली नोंद नाही, पण विषय उसाचाच आहे. दिवाळीच्या सुट्टीत घरचे सगळे मॉरिशसला जाऊन आलो. आई, बायको, दोन पोरं आणि मी. फोटो टाकल्यापासून एकच प्रश्न येतोय, "समुद्र सोडून तिथं आहे काय?" एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा म्हटलं सविस्तर लिहूनच टाकावं. ऊस लावणाऱ्या माणसाला तिथं समुद्रापेक्षा जास्त बघायला आहे.

आधी अंदाज यावा म्हणून सांगतो. सगळा देश सुमारे 2,040 चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या सांगली जिल्ह्याच्या पाव भागाएवढा. एका टोकाकडून दुसरीकडं गाडीनं दोन-अडीच तासांत जाता येतं, त्यामुळं म्हातारी माणसं आणि लहान पोरं दमत नाहीत. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं. विमानतळातून बाहेर पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगाला ऊस. त्यांचं गाळप साधारण जून ते डिसेंबर चालतं. आम्ही गेलो तेव्हा तोड जोरात होती आणि इकडं आपले बॉयलर नुकते पेटत होते.

माती आणि दगड

पहिल्या दिवशी पोरांनी विचारलं, "शेतात हे पिरॅमिड कसले?" उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे उंच, नीट रचलेले ढीग. बेट ज्वालामुखीचं, सगळा बसाल्ट. शेत मोकळं करायला पिढ्यान् पिढ्या माणसांनी दगड वेचून हे ढीग रचले. पुढं यंत्रानं तोड करायची म्हणून मशिननं आणखी दगड काढले. आपल्याकडं डोंगराकडेच्या रानात ताली घातलेल्या असतात, त्यातलाच प्रकार, पण इथं दगड एवढा की बांधावर मावेना.

कृषीवाल्या मित्रांसाठी एक गोष्ट. आपल्या दख्खनचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त ठिकाणावरून वर आला असं भूशास्त्रज्ञ मानतात, त्याच ठिकाणावर फार उशिरा मॉरिशस तयार झालं. आज ते ठिकाण शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे. म्हणजे आपली काळी आणि त्यांची तांबडी या चुलत बहिणीच.

शमारेलला सात रंगांची माती आहे. तांबडी, तपकिरी, जांभळट असे पट्टे असलेल्या उघड्या टेकड्या. बसाल्ट झिजून, पावसानं अन्नद्रव्यं धुऊन नेऊन, मागं लोह आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडं राहिली. महाबळेश्वरचा जांभा आठवा. त्या मातीत गवताची काडी उगवत नाही. पोरांना "माती धुपून जाते म्हणजे काय" हे दाखवायला यासारखी जागा नाही. जवळच मोठा धबधबा आहे आणि आवारात मोठाली कासवं आहेत. लहान पोरं कासवांपाशी तासभर रमतात.

बाग आणि साखरेचं संग्रहालय

उत्तरेला पाम्प्लेमूस गावात जुनी वनस्पती बाग आहे. पिएर प्वाव्र या फ्रेंच अधिकाऱ्यानं 1770 च्या सुमारास ती उभी केली. लवंग-जायफळावर डचांची मक्तेदारी होती, ती मोडायला त्यानं रोपं चोरून आणवली होती. पोरांना हा किस्सा फार आवडला. परातीएवढ्या पानांची कमळं आहेत. टॅलिपॉट जातीचा ताड कित्येक दशकांनी एकदाच फुलतो आणि मग मरतो. तेही झाड इथं बघायला मिळतं.

बागेजवळच बो प्लां हा जुना साखर कारखाना. तो 1999 साली बंद पडला. भंगारात न काढता त्याचं संग्रहालय केलं. जुनी यंत्रं जागच्या जागी, आणि त्यांच्यामधून फिरत तुम्ही साखरेचा इतिहास बघायचा. डचांनी 1639 साली ऊस आणला तिथपासून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला या एवढ्याशा बेटावर अडीचशेच्या आसपास कारखाने होते. आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. युरोपनं 2006 पासून साखरेचा हमीभाव टप्प्याटप्प्यानं 36 टक्क्यांनी उतरवला, तेव्हा त्यांना चिपाडाची वीज आणि वेगवेगळ्या कच्च्या साखरा यांच्यावर जोर द्यावा लागला. शेवटी या साखरा चमच्यानं चाखायला देतात. आई एक काळसर साखर तोंडात टाकून म्हणाली, "ही तर आपल्या गुऱ्हाळावरची काकवी वाळवली." अगदी बरोबर, कारण तिच्यात मळी राखलेली असते.

इथं तीन तास तरी हातात ठेवा. आपल्याकडं कारखाना बंद पडला की पत्रे गंजतात आणि जमिनीचे वाद सुरू होतात. हे बघून वाटलं, एखादा तरी असा जपावा.

सोळा पायऱ्या

आता मुख्य जागा. राजधानी पोर्ट लुईमध्ये बंदराला लागून आप्रवासी घाट आहे. 2006 पासून जागतिक वारसा. बघायला म्हटलं तर थोडंच आहे : दगडी भिंती, स्वयंपाकघराचे आणि दवाखान्याचे अवशेष आणि समुद्राकडून वर येणाऱ्या सोळा पायऱ्या. शेजारी माहिती केंद्र आहे. आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, वेळ आधी विचारून घ्या.

गुलामगिरी बंद झाल्यावर मळ्यात राबायला माणूस कुठून आणायचा, तर हिंदुस्तानातून, कराराने. 2 नोव्हेंबर 1834 ला 36 जणांचं पहिलं जहाज आलं. त्या दिवसाची तिथं आजही सार्वजनिक सुट्टी असते. पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांवर माणसं आली. बहुतेक बिहार-उत्तर प्रदेश आणि तमिळ-तेलुगू मुलखातली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी-सातारा भागातली मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आज तिथं आहेत. गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते, शाळेत मराठी शिकता येतं, आणि कोकणातल्या जाखडीसारखा नाच ते अजून नाचतात. कारकुनानं वहीत जे एकेरी नाव लिहिलं तेच पुढं बऱ्याच घराण्यांचं आडनाव झालं. हे दप्तर मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलंय.

करार काय होता? पाच वर्षं, महिना साधारण पाच रुपये आणि शिधा. निघताना पगाराची उचल. मळ्यावर टोळीचा सरदार. आणि एक नियम होता, दुहेरी कपात. एक दिवस कामावर आला नाही तर त्या दिवसाची मजुरी जायची आणि वर आणखी एका दिवसाची कापायची. आजारी असला तरी. 1871 साली नऊ हजारांवर मजुरांनी याविरुद्ध अर्ज केला, तेव्हा कुठं इंग्लंडनं चौकशी आयोग पाठवला.

माझी मुलगी आठवीत आहे. हे वाचून ती म्हणाली, "पप्पा, हा तर खाडाच की."

ज्यांच्या रानात टोळी येते त्यांना समजावून सांगायची गरज नाही. उचल, मुकादम, कोयता, खाडा. शब्द आपले, हिशोब तोच. जोडीतल्या एकानं एक दिवस कोयता ठेवला की खाडा मुकादमाच्या वहीत चढतो. खाडा पडू नये म्हणून दुखणं अंगावर काढणाऱ्या बायका, आणि बीडकडच्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया, हा विषय 2019 मध्ये विधिमंडळापर्यंत गेला, समिती बसली. फरक मोठा आहे, मान्य. हा मजूर आपल्या देशात आहे, हंगाम संपला की घरी जातो, मत देतो, त्याच्या संघटना आहेत, आता महामंडळही आहे. पण तिथल्या मजुराला निदान करार आणि नंबर होता, म्हणून दीडशे वर्षांनी त्याच्या नातवाला आजोबा सापडतो. आपल्याकडचा बराचसा हिशोब अजून मुकादमाच्या वहीतच असतो. टनेज, उतारा, रिकव्हरी आपल्याला दशांशापर्यंत पाठ असते. तोडणाऱ्याची नोंदही तितकीच पक्की हवी, असं मला त्या पायऱ्यांवर वाटलं.

आईसाठी आणि पोटासाठी

गंगा तलाव हे डोंगरातलं, ज्वालामुखीच्या मुखातलं तळं. काठावर 108 फुटी शंकर. महाशिवरात्रीला लाखो लोक चालत येतात, आपल्या वारीसारखे. आई दोन तास तिथून हलली नाही. माकडं आहेत, प्रसाद पिशवीत ठेवा. खायला रस्त्यावर दालपुरी. पुरणाऐवजी चण्याच्या डाळीचं तिखट-मीठ सारण, मऊसूत. शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत.

जाणाऱ्यांसाठी

पर्यटनाला आपल्या पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागत नाही. पाच-सहा दिवस पुरतात : दोन समुद्राला, एक शमारेल आणि गंगा तलावाला, एक बाग आणि साखरेला, एक पोर्ट लुईला. घाट आणि साखरेचं संग्रहालय पोरांना एकाच दिवशी दाखवू नका, डोकं भरून जातं.

आणि महत्त्वाचं. त्यांचा ऊस बघून हात शिवशिवतील, पण टिपरी, बी, माती काही म्हणजे काही आणू नका. परवान्याशिवाय बेणं आणणं कायद्याने बंद आहे, आणि एका टिपरीतून येणारा रोग सगळ्या पट्ट्याला महागात पडेल.

आमच्या अडसालीला तोडीची तारीख मिळालीय. टोळी येईल तेव्हा फडाजवळ पाण्याची टाकी आणि पोरांच्या सावलीला ताडपत्री बांधायची, हे मुलीनं आत्ताच वहीत लिहून ठेवलंय. पुढच्या नोंदीत खोडव्यातल्या पाचटाबद्दल लिहितो.