रुंद टायरचा हट्ट

मनगट लिव्हरचा जोर सोसेनासं झालं, तेव्हापासून टायर पोरगा बसवतो आणि मी स्टुलावर बसून तोंड चालवतो. गिऱ्हाईकांशी वाद रोजचा एकच : स्प्लेंडरला मागे 100 चा टायर. "काका, बसतोय ना!"

बसतो, हेच तर दुखणं आहे. 1.60 च्या रिमवर 100/90-18 चढतो, हवा भरली की फटाफट बीड धरतो, गिऱ्हाईक फोटो काढतं. पण मागे उकिडवं बसून बघा. दोन्ही बाजू रिमने आत ओढलेल्या, मधला भाग फुगून वर आलेला. रस्त्याला टेकते ती मधली पट्टी. ज्या रुंदीचे पैसे मोजले ती हवेत. वळणावर गाडी एकदम पडल्यासारखी कलते. या मापाला निदान 2.15 ची रिम हवी. शहरातली नवी दुकानं टायरचं माप विचारतात, रिमचं कुणी विचारत नाही.

बरं, रिमही बदलली, टायर खरोखर रुंद टेकला, तरी जुलैत आरे-वारेच्या उतारावर जांभ्याची लाल राड असतेच. अरुंद टायर ती कापून खालचं डांबर धरतो. रुंद टायरवर गाडीचं वजन पसरतं, तो राडीवरच राहतो. शिवाय 97 सीसीच्या इंजिनाने ते जड चाक ओढायचं कशासाठी? जुनी बुलेट 3.25-19 च्या टायरांवर आंबा घाट चढायची, तीही डबलसीट.

मी नाही म्हटलं की गिऱ्हाईक दुसरीकडून टायर टाकून येतं आणि गाडी मुद्दाम माझ्या दारात लावतं. मी त्या चाकाकडे बघतच नाही. खरं सांगायचं तर 'नाही' म्हणण्यात मला सुख आहे. चार माणसांसमोर म्हणायला मिळालं तर जास्तच. पोराने परवा एकाला माझ्याच शब्दांत परत पाठवलं, तर मला कौतुकाआधी हेवा वाटला.

पण हेवा बाजूला ठेवून सांगतो : स्प्लेंडरला 80/100-18 च ठेवा. खर्चच करायचा असेल तर नक्षी झिजलेला टायर जूनआधी बदला, आणि हवा दर आठवड्याला बघा, टायर थंड असताना.