बावीस अक्षरांचा हिशेब

मी हिब्रू शिकवते असं कळलं की समोरचा माणूस व्याकरणाबद्दल सहसा विचारत नाही. ‘६६६ म्हणजे नक्की कोण?’ हा प्रश्न ठरलेला. मग सात आकडा शुभ का, नावाचा अंक कसा काढतात, नातवाच्या नावाचा काढून द्याल का, असं प्रकरण वाढत जातं. अक्षरं आणि आकडे यांचं नातं हिब्रूत खरंच आहे आणि मोठं रंजक आहे. पण त्याचे तीन थर आहेत. काही लेखकाने मुद्दाम ठेवलेलं, काही नंतरच्या वाचकांनी काढलेलं आणि काही निव्वळ ओढूनताणून आणलेलं. हे तिन्ही एकाच पिशवीत कोंबले, की गोंधळ सुरू होतो.

हिब्रूत अक्षरं बावीस, सगळी व्यंजनं. आलेफ १, बेथ २, असं करत योद १०. पुढे काफ २०, लामेद ३० अशी दशकं. मग कोफ १००, रेश २००, शिन ३०० आणि शेवटचं ताव ४००. अक्षरांनीच आकडे लिहायचे म्हटल्यावर प्रत्येक शब्दाची आपोआप एक बेरीज होते आणि सारख्या बेरजेच्या शब्दांची सोयरीक जुळवण्याचा मोह होतो. या खटाटोपाला गेमात्रिया म्हणतात. मात्र हिब्रू बायबलच्या संहितेत संख्या शब्दांतच लिहिलेल्या आहेत. अक्षरांनी आकडे लिहिल्याचे ठळक पुरावे नंतरचे आहेत. इ.स. ६६ ते ७० या काळात यहुद्यांनी रोमविरुद्ध बंड केलं, तेव्हा पाडलेल्या चांदीच्या शेकेलवर बंडाचं कितवं वर्ष ते अक्षराने कोरलेलं आहे. त्यामुळे बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या प्रत्येक शब्दामागे लेखकाने बेरीज दडवली, असं कुणी सांगू लागलं की मी आधी काळाचा हिशेब विचारते.

संख्यांना अर्थ नव्हता, असं मात्र नाही. तो वापरातून आला. जलप्रलयाचा पाऊस चाळीस दिवस, मोशे सीनाय पर्वतावर चाळीस दिवस, इस्राएल लोक रानात चाळीस वर्षं, निनवे शहराला दिलेली मुदत चाळीस दिवसांची आणि पुढे येशूचा उपासही तेवढाच. कथेत चाळीस आले, की वाचकाला कळतं: ही कसोटीची मुदत आहे आणि तिच्यातून बाहेर पडणारा माणूस आधीचा राहणार नाही. साताचंही तसंच. सातवा दिवस विसाव्याचा, सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची, सात गुणिले सात वर्षं झाली की पन्नासाव्या वर्षी गुलाम मोकळे करायचे आणि विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत द्यायची. म्हणजे सात हा लाभाचा आकडा नव्हे, तो हावेला घातलेला लगाम आहे. कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांनी तो असाच सांभाळला. पिढ्यान्‌पिढ्या हिब्रू जवळजवळ विसरली गेली, पण सातव्या दिवशी, म्हणजे शनिवारी, त्यांचा तेलाचा घाणा फिरत नसे. गावाने त्यांना नाव दिलं ‘शनवार तेली’. साताचा अर्थ सांगायला मला याहून चांगला दाखला सापडलेला नाही.

अक्षरांचा मुद्दाम केलेला वापर पाहायचा तर बायबलमधलं ‘विलापगीत’ उघडावं. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळलं, मंदिर पाडलं, त्याचा हा शोक. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायात बावीस-बावीस वचनं. पहिलं आलेफने सुरू होतं, दुसरं बेथने, असं थेट तावपर्यंत. तिसऱ्या अध्यायात प्रत्येक अक्षराला तीन वचनं, एकूण ६६. शहर ढासळलंय, रस्त्यात मुलं भुकेने मरतायत आणि कवी अक्षरमालेचा क्रम सोडत नाही. दुःखाचा कोपरान्‌कोपरा फिरून यायचं आणि तावला थांबायचं, अशी ती शिस्त आहे. पाचव्या अध्यायात वचनं बावीसच, पण क्रम गेलेला. साचा उभा आहे, आतली घडी मोडली आहे.

याच पुस्तकात आणखी एक गंमत आहे. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या अध्यायात ‘पे’ हे अक्षर ‘आयिन’च्या आधी येतं. आजच्या क्रमाच्या उलट. नकलनवीस चुकला म्हणावं, तर तो तिन्ही अध्यायांत तसाच कसा चुकेल? इस्राएलमधल्या इझ्बेत सार्ता इथे सापडलेल्या सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या खापरावर कुणीतरी मुळाक्षरं गिरवली आहेत. तिथेही ‘पे’ आधीच आहे. म्हणजे अक्षरमालेचा असाही एक क्रम चालत होता. इथे दडवलेला संदेश वगैरे काही नाही, पण मला स्वतःला असा पुरावा कुठल्याही गुप्त संदेशापेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

यिर्मयाच्या पुस्तकात ‘शेशख’ नावाचं एक राज्य येतं. ते नकाशावर शोधू नये. पहिल्या अक्षराच्या जागी शेवटचं, दुसऱ्याच्या जागी शेवटून दुसरं, अशी अदलाबदल केली की बाबेलमधल्या बेथ-बेथ-लामेदचे शिन-शिन-काफ होतात. या युक्तीला अतबाश म्हणतात. बाबेलच्या भीतीने नाव लपवलं, असं सांगितलं जातं. पण ५१ व्या अध्यायात शेशखच्या पाठोपाठ, त्याच वचनात, बाबेलचं नाव उघड घेतलं आहे. मग लपवलं कुणापासून? हा शब्दाचा खेळ आहे, आणि त्याला धार आहे.

आता वाचकांनी काढलेले अर्थ. अब्राहाम आपल्या पुतण्याला सोडवायला ३१८ माणसं घेऊन निघतो. रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मपंडितांनी, हिशेब मांडला: त्याचा कारभारी अलियेजर, म्हणजे आलेफ १, लामेद ३०, योद १०, आयिन ७०, झायिन ७, रेश २००. बेरीज ३१८. म्हणजे फौज कसली, सोबत एकटा अलियेजरच होता! तोच आकडा बर्नबाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या जुन्या ख्रिस्ती पत्राने ग्रीक अक्षरांत वाचला. ३०० म्हणजे ताउ, क्रुसाच्या आकाराचं. उरलेले १८ म्हणजे येशूच्या ग्रीक नावाची पहिली दोन अक्षरं. दोघांचंही गणित बिनचूक आहे आणि दोघांनाही तेच सापडलं जे त्यांच्या मनात आधीपासून होतं.

६६६ ची गोष्ट वेगळी आहे, कारण बायबलच्या ‘प्रकटीकरण’ या शेवटच्या पुस्तकात हा एका श्वापदाचा आकडा आहे आणि लेखक स्वतःच वाचकाला तो मोजायला सांगतो. नावांची अशी बेरीज तेव्हा सर्रास चाले. पाँपेईच्या एका भिंतीवर कुण्या प्रेमिकाने आपल्या प्रियेचं नाव न लिहिता तिचा आकडा लिहून ठेवलाय, ५४५. प्रकटीकरणातलं श्वापद कोण, याचं बहुतेक अभ्यासक मानतात ते उत्तर म्हणजे रोमचा सम्राट नीरो. ग्रीक वळणाचं ‘नेरोन केसर’ हिब्रू अक्षरांत लिहिलं की ५०, २००, ६, ५० आणि १००, ६०, २०० अशी अक्षरं पडतात. बेरीज ६६६. काही जुन्या हस्तलिखितांत हाच आकडा ६१६ आहे. लॅटिन वळणाने ‘नेरो’ लिहिलं, तर शेवटच्या नूनचे ५० कमी होतात आणि नेमके ६१६ उरतात. दोन्ही पाठ एकाच नावाशी जुळतात, म्हणून हे उत्तर भक्कम.

आणि ओढूनताणून आणलेलं? १९९४ मध्ये ‘स्टॅटिस्टिकल सायन्स’ या नियतकालिकात तीन संशोधकांनी लिहिलं, की उत्पत्तीत ठरावीक अंतरावरची अक्षरं उचलली तर नंतरच्या काळातल्या रब्बींची नावं आणि त्यांच्या जन्म-मृत्यूच्या तारखा एकमेकांजवळ सापडतात. १९९७ मध्ये मायकेल ड्रॉस्निनच्या ‘द बायबल कोड’ने त्यावर बाजार मांडला. ब्रेंडन मॅके या गणितज्ञाने त्याच पद्धतीने ‘मोबी डिक’ या कादंबरीतून राजकीय हत्यांची ‘भाकितं’ काढून दाखवली. १९९९ मध्ये त्याच नियतकालिकात मूळ दाव्याचं सविस्तर खंडनही आलं.

असे आकडे कसे जुळतात, हे आपल्याला समजायला अवघड जाऊ नये. हिब्रूत ‘जीवन’ या अर्थाच्या ‘खाय’ची बेरीज १८ होते, म्हणून यहुदी लोक १८ च्या पटीत दानधर्म करतात. अक्षरांना अंक देणाऱ्या आपल्या कटपयादी पद्धतीत ‘जय’ म्हणजेही १८, आणि जय हे महाभारताचं जुनं नाव, त्याची पर्वं १८. यातून यरुशलेम ते कुरुक्षेत्र असा गुप्त धागा जोडणारं पुस्तक एखाद्या सुट्टीत लिहून होईल आणि खपेलही. पण दोन संस्कृतींनी अक्षरांना आकडे चिकटवले की काही बेरजा जुळणारच. लाखो शब्दांतून न जुळलेल्या कुणी मोजत नाही.

रब्बींनी स्वतः गेमात्रियाची जागा ठरवून दिली होती. मिश्ना या त्यांच्या ग्रंथातल्या ‘पिर्के आवोत’ या भागात कालगणना आणि गेमात्रिया यांना ज्ञानाच्या जेवणातली तोंडी लावणी म्हटलं आहे. आपल्या भाषेत, ताटाची डावी बाजू. तिच्याशिवाय जेवण अळणी होतं हे मला मान्य आहे, आणि वर्गात मी ती हात आखडून वाढत नाही. पण नुसत्या चटणीवर पंगत उठवू नये.