आबाजींचा गुण्या

आमच्या आजोबांच्या, आबाजींच्या पेटीत रंधे होते, पटाश्या होत्या, वाकस होता. पण आम्हा मुलांना हात लावायची बंदी एकाच वस्तूला, गुण्याला. शिसवी मूठ आणि पोलादी पातं. काटकोन पाहण्याचं साधं हत्यार, ते तेलाच्या फडक्यात गुंडाळलेलं असायचं.

आमचं सोनाळा सातपुड्याच्या पायथ्याशी. वर सागाचं रान, खाली कपाशीची काळी जमीन. मृग तोंडावर आला की अंगणात तिफणी, वखर, डवरे येऊन पडत. तिफणीचा एक फण जरी वाकडा बसला तरी बियाणं कुठं खोल, कुठं उथळ जातं. शेतकऱ्याला ते कळतं अंकुर वर आल्यावर, तेव्हा वेळ गेलेली असते. त्या दिवसांत आबाजी कोणाच्या घाईला बधत नसत.

मला त्यांनी पाटीवर शिकवलं होतं. पाटीच्या कडेला मूठ टेकवून रेघ ओढायची, मग गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी रेघ. दोन्ही एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. "आधी गुण्या तपास, मंग लाकडाले हात लाव," म्हणायचे. पुढं इंजिनिअरिंगला सर्व्हेच्या यंत्राची चूक काढताना हीच युक्ती मोठ्या नावानं भेटली. वर्गात मला ती समजून घ्यावी लागली नाही.

१९६२च्या युद्धानंतर सैन्यभरती वाढली. त्या वेळी आबाजी पुण्यात खडकीला बॉम्बे सॅपर्स या सैन्याच्या इंजिनिअर दलात दाखल झाले, सुतार म्हणूनच. याच दलाच्या रामा राघोबा राणे यांनी १९४८ साली नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग काढून रणगाड्यांना वाट करून दिली आणि परमवीरचक्र मिळवलं. राणेसाहेबांचं नाव आबाजी बसून घेत नसत.

आम्ही १९७१ची लढाई विचारायचो, ते बेली पुलाचं सांगायचे. दहा फूट लांबीची एकेक पोलादी चौकट, वजन अडीचशे किलोच्या वर, उचलायला सहा जण. चौकटी खिळीनं जोडत जायच्या आणि आख्खा पूल रुळांवरून पलीकडच्या काठाकडे ढकलायचा, तोही अंधारात. रूळ एका ओळीत नसले तर पूल तिरका जातो. मेलेल्यांबद्दल ते कधीच बोलले नाहीत. मला वाटतं, ज्यावरून दुसऱ्यांची पोरं जाणार आहेत ते सरळ बसवणं, एवढंच त्यांना युद्धाबद्दल सांगावंसं वाटे.

पेन्शनीत आले आणि गावात पुन्हा सुतार झाले. ट्रॅक्टर आले, तिफणी थांबल्या. मग दारं, देव्हारे राहिले. घरातल्या पहिल्या नातवासाठी त्यांनी सागाचा पाळणा केला होता. आम्ही सगळी भावंडं त्यातच वाढलो, माझी लेकही. आजी आजारी पडली तेव्हा तिच्या पाटाची उंची त्यांनी तीनदा कमीजास्त केली, तिला उठताना गुडघ्यावर भार येऊ नये म्हणून. शेवटच्या वर्षी, नोव्हेंबरात, हयातीच्या दाखल्यावर सही करताना हात थरथरत होता. घरी येऊन मात्र त्यांनी गुण्याला तेल लावलं.

आता पेटी चुलतभावाकडे, दादाकडे आहे. तो अॅल्युमिनियमच्या खिडक्या करतो. गेल्या दिवाळीत आम्ही गुण्या तपासला, तर रेघांत केसभर फरक निघाला. दादानं कानस काढली आणि पात्याची कड थोडी घास, रेघ ओढ, पुन्हा घास, असं जेवणवेळ टळेपर्यंत चाललं. रेघा जुळल्यावरच उठला. दुसऱ्या दिवशी त्याला शाळेच्या खिडक्या बसवायच्या होत्या.